घरच्या बागेसाठी पावसाच्या पाण्याची टाकी कशी निवडावी

टाकी घ्यायला दुकानात गेले की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती लिटरची?" बहुतेक जण त्याचे उत्तर अंगणातली मोकळी जागा बघून किंवा खिशातले पैसे बघून देतात. माझ्या मते ते दिनदर्शिका बघून द्यायला हवे. महाराष्ट्रात वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि नेमके तेच चार महिने बागेला वरून पाणी घालण्याची गरज फारशी नसते. टाकी पावसाळाभर तुडुंब भरून वाहत राहते आणि परतीचा पाऊस थांबला की त्या दिवशी तिच्यात जेवढे पाणी असेल तेवढ्यावर पुढचे दिवस काढावे लागतात. ज्या देशांत बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो, तिथली टाकी वर्षात अनेकदा भरते आणि रिकामी होते. म्हणून तिथल्या बागकामाच्या पुस्तकांतले टाकीच्या आकाराचे हिशेब आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपली टाकी हिवाळ्यासाठी एकदाच भरलेली असते, हे लक्षात ठेवून सुरुवात केली की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की टाकीतले पाणी कोणत्या तारखेपर्यंत पुरायला हवे?

गरज आणि आवक यांचा हिशेब

गरज मोजण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे झारी. पाऊस नसलेल्या आठवड्यात रोज किती झाऱ्या पाणी घातले ते लिहून ठेवावे आणि झारीच्या लिटरने गुणावे. नळीने पाणी घालणाऱ्यांनी एक बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि बागेत नळी किती वेळ चालते ते घड्याळात बघावे. नव्याने बाग करणाऱ्यांसाठी ढोबळ अंदाज असा: बारा इंची कुंडीला हिवाळ्यात दिवसाला एक लिटर आणि एप्रिल-मे महिन्यांत दोन लिटर पाणी धरावे, वाफ्याला डिसेंबरात दर चौरस मीटरला तीन ते चार लिटर आणि मे महिन्यात त्याच्या दुप्पट धरावे.

उदाहरणादाखल पुण्यातले एखादे छोटे घर घेऊ. समजा तिथे ३० कुंड्या आहेत आणि ८ चौरस मीटरचे भाजीचे वाफे आहेत. हिवाळ्यात या बागेला दिवसाला सुमारे ६० लिटर आणि उन्हाळ्यात सुमारे १२० लिटर पाणी लागेल. पाऊस १५ ऑक्टोबरच्या सुमारास थांबला असे मानले, तर १५ फेब्रुवारीपर्यंतच्या चार महिन्यांसाठी साधारण ७,४०० लिटर आणि तिथून १० जूनपर्यंत साधारण १३,८०० लिटर, म्हणजे एकूण २१ हजार लिटरच्या आसपास पाणी हवे.

आता आवक. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हे एवढे एक सूत्र पाठ असले तरी पुरते. घराचे छप्पर ६०० चौरस फूट असेल तर ते ५६ चौरस मीटर झाले. पुणे शहरात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि स्लॅबवर मुरणारे, सांडणारे, उडून जाणारे पाणी वजा करून त्यातला ८० टक्के हाती लागतो असे मानले, तरी ३१ हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली येते. थोडक्यात, पाऊस पुरेसा आहे. अडचण साठवणीची आहे. २१ हजार लिटर पाणी म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेसात फूट उंच अशी काठोकाठ भरलेली खोली. एवढी टाकी बांधायला जागा आणि पैसा असेल त्याने ती जरूर बांधावी, पण शहरातल्या बहुतेकांना ते जमणारे नाही आणि तसा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

याच बागेत १,००० लिटरची टाकी पाऊस थांबल्यावर सोळा दिवस पुरेल. २,००० लिटरची टाकी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जाईल, ५,००० लिटरची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि वाफ्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले तर संक्रांतीपर्यंतही. मला हा शेवटचा टप्पा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण दसऱ्याच्या सुमारास पेरलेली मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर आणि तेव्हाच लावलेले टोमॅटो यांचा मुख्य काळ याच तीन महिन्यांत येतो. पावसाच्या पाण्यावर हिवाळी भाजीचे एक पूर्ण पीक निघते आणि उन्हाळ्यातल्या मोठ्या गरजेसाठी विहीर, बोअर किंवा स्वयंपाकघरातले धुणावळीचे पाणी वापरता येते. टाकीची तारीख उन्हाळ्यात नेण्यापेक्षा उन्हाळ्यात कुंड्यांची संख्या कमी करून त्या सावलीत हलवणे कितीतरी स्वस्त पडते.

लहान टाकीलाही कमी लेखू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दहा-पंधरा दिवस दडी मारतो, तेव्हा कुंड्या माना टाकतात; अशा खंडांत टाकी वापरली जाते आणि पुढच्या सरींनी पुन्हा भरते. वळवाचा एखादा १० मिलिमीटरचा पाऊस वरच्या उदाहरणातल्या छपरावरून साडेचारशे लिटर पाणी देऊन जातो. म्हणून पहिले हजार लिटर वर्षातून अनेकदा उपयोगी पडतात, त्यापुढचे प्रत्येक लिटर मात्र बहुधा एकदाच. सोलापूर, अहिल्यानगर किंवा मराठवाड्याच्या पट्ट्यात, जिथे पावसातले हे खंड लांबतात, तिथे लहान टाकीचाही आधार मोठा असतो.

कोकणात हिशेब वेगळ्या बाजूने करावा लागतो. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे दहा चौरस मीटरच्या पडवीच्या कौलांवरूनही २० हजार लिटरहून जास्त पाणी मिळते. तिथे घराच्या सगळ्या बाजूंना पन्हळी लावण्याची गरज नाही. टाकीला सर्वांत जवळ पडेल ती एक बाजू पुरे. पण कोरडे महिने कोकणातही तेवढेच असतात आणि जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, म्हणून जास्त पाऊस पडतो या भरवशावर टाकी लहान घेऊ नये. उलट वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात त्याच पडवीवरून जेमतेम चार हजार लिटर मिळतील. तिथे पूर्ण छप्पर जोडल्याशिवाय मोठी टाकी घेऊ नये, नाहीतर ती अर्धी रिकामीच राहील.

छप्पर

पत्र्यावरून सर्वांत जास्त पाणी मिळते, त्याखालोखाल स्लॅबवरून आणि थोडे कमी मंगलोरी कौलांवरून, कारण कौले पहिल्या सरी पिऊन टाकतात. बागेसाठीचे पाणी पिण्याच्या पाण्याइतके शुद्ध असण्याची गरज नाही. तरी आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि कुजकी पाने टाकीत नेण्यात अर्थ नाही. मे महिन्यात गच्ची झाडून घ्यावी आणि मोसमातला पहिला मोठा पाऊस टाकीबाहेर सोडून द्यावा. त्यासाठी उतरत्या पाइपवर टाकीच्या आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, आणि बॉल व्हॉल्व्ह बसवला की काम भागते. त्यानंतरही प्रत्येक मोठ्या उघडिपीनंतर छपराच्या दर चौरस मीटरला एक ते दोन लिटर पाणी वाहून जाऊ द्यावे. गच्चीवर गळती थांबवणारे नवे रासायनिक लेपन केले असेल तर पहिल्या काही पावसांचे पाणी भाजीला घालू नये, आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असते, म्हणून त्यांवरचे पाणी मी भाजीसाठी साठवणार नाही.

टाकी कशाची असावी

बहुतेक घरांसाठी अपारदर्शक प्लॅस्टिकची, साच्यात फिरवून एकसंध बनवलेली टाकी हाच व्यवहारी पर्याय आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १२७०१ हे मानक अशा टाक्यांसाठीच आहे. त्या मानकाची खूण टाकीवर उठवलेली आहे की नाही हे बोट ठेवून तपासावे. टाकीच्या आत उजेड शिरता कामा नये, कारण उजेड आणि पाणी एकत्र आले की शेवाळ धरते आणि ते झारीच्या व ठिबकच्या छिद्रांत अडकते. झाकण बंद करून आत डोकावण्याची सोय नसते, पण दुपारच्या उन्हात टाकीचे झाकण किंचित उचलून आतली भिंत उजळ दिसते का ते बघता येते. भिंत दुधी प्रकाशाने उजळलेली दिसली तर ती टाकी घेऊ नये. लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या चौकोनी टाक्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, त्यांचा मुख्य दोष हाच आहे. त्या घ्यायच्याच असतील तर बाहेरून काळा रंग द्यावा किंवा जाड कापडाने झाकाव्यात.

अशा जुन्या टाक्या आणि २०० लिटरची निळी पिंपे घेताना त्यांत पूर्वी काय भरले होते हे कळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खाद्यतेल, सरबताचा अर्क, गूळ यांचे पिंप धुऊन वापरता येते. कीटकनाशक, आम्ल, रंग किंवा नाव खरवडून काढलेले काहीही असेल, तर ते पिंप कितीही धुतले तरी बागेत आणू नये. या बाबतीत मी कुणालाही सवलत देणार नाही, कारण हे पाणी शेवटी पालेभाजीतून ताटात येते.

जिथे दहा हजार लिटरच्या पुढे साठवण हवी आहे आणि जागा आहे, तिथे फेरोसिमेंटची टाकी प्लॅस्टिकपेक्षा टिकाऊ ठरते. सळ्या आणि कोंबडीजाळी यांच्या सांगाड्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा चढवून तीन-चार सेंटिमीटर जाडीची गोल भिंत उभी करतात. गोल आकारामुळे पाण्याचा दाब सगळीकडे सारखा वाटला जातो आणि इतकी पातळ भिंतही तो पेलते. मात्र हे काम जाणत्या गवंड्याचेच आहे. गिलावा झाल्यावर किमान दोन आठवडे त्यावर पाणी मारत राहावे लागते, पहिल्यांदा भरलेले पाणी सिमेंटच्या क्षारांमुळे बागेला न घालता सोडून द्यावे लागते, आणि उन्हाळ्यात टाकी पूर्ण कोरडी पडू न देता तळाशी वीतभर पाणी ठेवावे लागते, नाहीतर केसासारख्या चिरा पडतात.

जमिनीखालची टाकी दिसत नाही, जागा खात नाही आणि पाणी गार ठेवते, पण काळ्या मातीत ती बांधण्यापूर्वी दोनदा विचार करावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्या ओढाताणीत विटांचे बांधकाम तडकते. मुरूम किंवा पक्का खडक लागत असेल तर हरकत नाही. पाणी वर काढायला पंप लागेल, हेही खर्चात धरावे. शौचालयाच्या टाकीपासून तिला दूर ठेवावे, आणि तिचे झाकण जड व कुलपाचे असावे. घरात लहान मूल असो वा नसो, शेजारचे मूल अंगणात येतेच.

कोकणातल्या मोठ्या परड्यांसाठी खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचे जाड अस्तर घालण्याची पद्धतही आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आंबा-काजूच्या नव्या कलमांना उन्हाळ्यात जगवण्यासाठी सुचवलेले कोकण जलकुंड याच प्रकारचे आहे. ते स्वस्त आहे, पण वरून उघडे राहिले तर उन्हाने पाणी उडून जाते, म्हणून त्यावर गवताचे छप्पर घालावे लागते आणि भोवती कुंपणही करावे लागते.

जागा आणि पाया

टाकी निवडताना सर्वांत कमी लक्ष जाते ते तिच्या वजनाकडे. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन असते. राहत्या घराची गच्ची साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वाढीव भार धरून आखलेली असते, आणि हजार लिटरची भरलेली टाकी आपल्या बुडाखालच्या जेमतेम एक चौरस मीटरवर एक टनाहून अधिक भार टाकते. म्हणून गच्चीवर टाकी ठेवायची असेल तर तुळया आणि खांब यांच्या डोक्यावरच, आणि तीही स्थापत्य अभियंत्याला दाखवून. पुढे काढलेल्या बाल्कनीत २०० लिटरचे पिंपही ठेवू नये. तिथे कुंड्यांचे ओझे आधीच असते.

जमिनीवर ठेवायची असेल तर वरची सैल माती काढावी, मुरूम पसरून तो धुमसाने चांगला ठोकावा आणि त्यावर दहा सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर टाकावा. हा ओटा टाकीच्या बुडापेक्षा सगळ्या बाजूंनी वीतभर मोठा आणि पूर्ण सपाट हवा. प्लॅस्टिकच्या टाकीचे बूड सगळीकडून टेकलेले असावे लागते. आमच्या पहिल्या टाकीसाठी आम्ही विटांचे चार खांब करून वर लाकडी फळ्या टाकल्या होत्या, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फळ्यांच्या मधल्या फटीत बूड खचून तिथेच चीर गेली. उंची हवी असेल तर भरीव ओटाच बांधावा.

टाकी घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला असेल तर दुपारचे ऊन टळते, पाणी कमी तापते आणि प्लॅस्टिक जास्त वर्षे टिकते. फाटक, बोळ आणि जिना यांची रुंदी मोजल्याशिवाय मोठी टाकी मागवू नये. पाच हजार लिटरच्या टाकीचा व्यास सहा फुटांच्या आसपास असतो. अशा वेळी हजार-दोन हजार लिटरच्या दोन-तीन टाक्या तळाशी जोडून घेणे अधिक सोयीचे असते, कारण मधला व्हॉल्व्ह बंद करून एक धुता येते आणि दुसरीत पाणी राहते. दरवर्षी एक टाकी वाढवण्याची मुभाही त्यात मिळते.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी टाकी बांधून ठेवावी. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगतून गेले. दोन्ही वादळे पावसाळ्याच्या तोंडाशी आली, म्हणजे टाक्या रिकाम्या असण्याच्या दिवसांतच. रिकामी प्लॅस्टिकची टाकी पत्र्यासारखी उडते, म्हणून ओट्यात कड्या बसवून पट्ट्याने ती आवळावी आणि तळाशी थोडे पाणी ठेवावे.

तोंड, जाळी आणि सांडवा

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. घरातली पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करण्याचा सल्ला आरोग्य खाते देते तो यासाठीच. पण पावसाच्या पाण्याची टाकी कोरडी करता येत नाही. तेव्हा पाणी आत येण्याचे तोंड, सांडव्याच्या पाइपचे टोक आणि हवा जाण्याचे भोक या तिन्ही ठिकाणी गंज न धरणारी बारीक जाळी बसवता येत असेल तरच टाकी घ्यावी. सांडव्याचे टोक हमखास विसरले जाते. पाने अडवणारी मोठी जाळी याच्या आधी, पन्हळीच्या तोंडाशी वेगळी हवी, म्हणजे बारीक जाळी तुंबणार नाही.

सांडव्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपपेक्षा लहान कधीही नसावा. आपल्याकडे पावसाळ्याचा बराचसा काळ टाकी भरलेलीच असते, त्यामुळे आत येणारे जवळजवळ सगळे पाणी सांडव्यातूनच बाहेर जाते. ते भिंतीच्या पायाशी न सोडता किमान तीन मीटर दूर शोषखड्ड्यात न्यावे. वरच्या उदाहरणात ३१ हजारांपैकी पाचच हजार लिटर टाकीत राहतात. उरलेले जमिनीत मुरले तर विहिरीला किंवा बोअरला त्याचा उपयोग होतो.

तोटी तळापासून दहा सेंटिमीटर वर असावी, म्हणजे गाळ झारीत येत नाही, आणि गाळ काढायला अगदी तळाशी वेगळे तोंड असावे. ओटा दीड-दोन फूट उंच असला की तोटीखाली झारी सरळ बसते. अर्ध्या इंचाच्या तोटीतून केवळ उंचीच्या दाबावर पाणी फार हळू येते, म्हणून एक इंची तोटी मागून घ्यावी. पाण्याची पातळी एक मीटर उंच असेल तर दाब साधारण ०.१ बारच मिळतो, आणि शेतातल्या नेहमीच्या ठिबक तोट्यांना एक बारच्या आसपास दाब लागतो. त्यामुळे ठिबक लावायचे असेल तर कमी दाबावर चालणारा संच घ्यावा आणि नळ्या आखूड ठेवाव्यात, किंवा लहान पंप बसवावा.

बोअरचे पाणी जड असेल आणि कुंड्यांच्या कडांवर पांढरे क्षार साचत असतील, तर पावसाचे पाणी सरसकट न वापरता ते रोपवाटिकेसाठी, नेचे आणि ऑर्किडसाठी, आणि पंधरवड्यातून एकदा कुंडीतले क्षार धुऊन काढण्यासाठी राखून ठेवावे. अशा घरात दोन हजार लिटरची टाकीही संक्रांतीपर्यंत सहज जाते.

ओटा मार्च-एप्रिलमध्येच घालून घ्यावा, म्हणजे पाणी मारून तो पक्का व्हायला वेळ मिळतो. टाकी आल्यावर पहिल्याच पावसात ती पूर्ण भरू देऊ नये. आधी पावपट भरून दोन दिवस थांबावे, ओट्याला तडा गेला आहे का आणि टाकी एका बाजूला कलली आहे का हे पाहावे, जोडांवर कोरडा हात फिरवून ओल लागते का ते बघावे. मग निम्मी भरावी, पुन्हा पाहावे, आणि त्यानंतरच पन्हळीचे पाणी तिच्यात सोडावे.